पुठ्ठ्याआडचा आकडा

फासा पुठ्ठ्याला आपटला, दोनदा गिरकी घेऊन थांबला. एकोणीस.

तो आकडा माझ्याशिवाय कुणालाच दिसत नव्हता. पुठ्ठ्यापलीकडे तिघं बसले होते, आणि तिघंही श्वास रोखून होते. मी फासा उचलून मुठीत घेतला आणि म्हणालो, "सहा. मगरीचा जबडा हुकला. तुंगाच्या खांद्याला नुसता चाटून गेला."

तौफिकनं मांडीवर थाप मारली. "वाचली की!"

अभिनंदननं चटईची एक काडी ओढून काढली आणि बोटाभोवती गुंडाळायला लागला. त्याची बहीण, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणायचो, माझ्याकडे बघत होती.

"किती पडला?" तिनं विचारलं.

"सहा."

"मग फासा का उचललास?"

"सहज."

"इतके दिवस कधी उचलला नाहीस."

खाली तौफिकचे अब्बा एका सतारीची जवारी काढत होते. तारांखालची घोडी जराशी घासायची, तार छेडून बघायची, परत घासायची. तोच एक सूर मघापासून वर येत होता. तो मला एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागला.

ही गोष्ट मिरजेतली, तेरा-चौदा वर्षांपूर्वीची. आम्ही चौघं दर रविवारी दुपारी तौफिक मुजावरच्या घरच्या सतारीच्या कारखान्यात जमायचो. कारागीर त्या दिवशी लवकर घरी जात. वरच्या माळ्यावर वाळत टांगलेले भोपळे, पॉलिशचा वास आणि एक जुनी चटई. त्या चटईवर आमचा खेळ चाले. या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार असतो, तो गोष्ट सांगतो. तुम्ही रानात आहात, समोर नदी आहे, पलीकडे धूर दिसतोय, काय करता? बाकीचे आपापलं पात्र होऊन उत्तर देतात. पुढे काय होईल याची खात्री नसली की फासा टाकायचा. फासा म्हणेल ते घडलं. एक गोष्ट वर्षानुवर्षं चालते आणि पात्रं तिच्यात म्हातारी होतात, श्रीमंत होतात, मरतात. बंगळूरला शिकत असताना मी हा खेळ शिकलो होतो आणि येताना वीस बाजूंचा फासा घेऊन आलो होतो. सांगलीत एका आर्किटेक्टकडे मी नकाशे काढायचो, त्यामुळे गोष्टीतल्या गावांचे, किल्ल्यांचे नकाशेही मीच काढायचो. सूत्रधारही मीच. शत्रूचे, संकटांचे फासे मी टाकायचो, आकडा जेवढा मोठा तेवढा घाव पक्का. ते मी एका उभ्या पुठ्ठ्याआड टाकायचो, कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते बाकीच्यांना दिसू नये. मी आकडा सांगायचो, ते विश्वास ठेवायचे.

आमचा एक नियम होता. मेलं ते मेलं. पहिल्याच वर्षी तौफिकचा सरदार दिलावर किल्ल्याच्या तटावरून पडला. तौफिकनं मला हात जोडले, म्हणाला, एकदा, फक्त एकदा परत टाक. मी टाकला नाही. तो पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि तेव्हा अक्काच त्याला म्हणाली होती, "ऐकायचंच नसेल तर फासा टाकायचा कशाला?"

अक्का म्हणजे पद्मजा चौगुले. आमच्याहून पाच वर्षांनी मोठी. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. एकोणतिसाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी डायलिसिस, आणि दुपारी कॉलेज असेल तर कॉलेज. डाव्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगलेली असायची, म्हणून ती उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं घालायची. दिवसाला एक लिटर पाणी. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्या गिळायचा घोटही आला. तिच्या बाटलीवर मार्करनं रेघा मारलेल्या होत्या आणि दुपारी तीन वाजता पाणी कुठल्या रेघेवर असायला हवं हे तिला पाठ होतं.

तिचं पात्र तुंगा. पाणबुडी. तलवार चालवता यायची नाही, घोडा यायचा नाही, पण पाण्याखाली इतरांच्या दुप्पट वेळ दम धरायची. आणि वाटेत झरा लागला, विहीर लागली, की थांबायची. मागे शत्रूचे घोडेस्वार असले तरी थांबायची.

"तुंगा वाकते," अक्का सांगायची. "ओंजळीनं पिते. पोटभर."

"अक्का, मागं शंभर स्वार आहेत," तौफिक वैतागायचा.

"असू देत. हेरंब, पाणी कसं आहे?"

मग मी सांगायचो. दगडातून झिरपलेलं आहे, दातांना झोंबतंय, लोखंडाची किंचित चव आहे. हे सांगताना मी कधी घाई केली नाही.

तुंगा अडीच वर्षं जगली होती. एका जाड वहीत अक्का तिची सगळी हकीकत लिहायची, दर रविवारची, तारखेनिशी.

आणि आज तुंगा एका बंधाऱ्याच्या तळाशी होती. शत्रूनं दार उघडून ठेवलं होतं, खाली एक गाव बुडत होतं, आणि दार बंद करायचं चक्र पाण्याखाली होतं. आपणच जाणार असं तुंगानं स्वतः ठरवलं होतं. अभिनंदनचा धनुर्धर आणि तौफिकचा वैदू बंधाऱ्यावर तिच्या कमरेचा दोर धरून उभे. तळाशी मगर. खेळात जीव आकड्यांत मोजायचा; तुंगाच्या अंगात तीन प्राण उरलेले. पंधरा किंवा त्याहून जास्त पडले तर ती मरणार, हे मी फासा टाकण्याआधी सगळ्यांना सांगितलं होतं.

"पुठ्ठा बाजूला कर," अक्का म्हणाली.

"आता काय उपयोग? फासा तर उचलला."

"तरी कर."

मी पुठ्ठा आडवा केला. त्यामागे माझे कागद, पेन्सिल, आणि माझी मिटलेली मूठ. अक्कानं पिशवीतून वही काढली, पण नेहमीचं पान उघडलं नाही. मागच्या बाजूनं उघडली. तिथं आकड्यांचे रकाने होते.

"हे काय आता?" तौफिक म्हणाला.

"तूही ऐक. पाच डिसेंबरपर्यंत हेरंबनं तुंगावर टाकलेले फासे मी मागच्या पानांवरून उतरवले. सतरा, चार, अकरा, वीस, नऊ, सोळा. असेच, कधी वर, कधी खाली. फासा असाच पडतो." तिनं पान उलटलं. वर्गात बोलावं तसा तिचा आवाज सरळ होता. "बारा डिसेंबरपासून मघापर्यंत तुंगावर बावीस फासे पडले. एकही चौदाच्या वर गेला नाही. त्याच दिवसांत तुम्हा दोघांवर मिळून तेवीस पडले, त्यातले सात चौदाच्या वर."

"नशीब असतं," अभिनंदन म्हणाला.

"असतं ना. किती असतं तेही काढलं मी. बावीसच्या बावीस वेळा असं व्हायची शक्यता अडीच हजारांत एक."

तौफिक माझ्याकडे वळला. "हेरंब, काय म्हणतीय ही?"

मी मूठ उघडली. तळहातावर फाशाच्या कोपऱ्यांचे वळ उमटले होते.

"एकोणीस पडला होता," मी म्हणालो.

तौफिक हळू म्हणाला, "दिलावर पडला तेव्हा मी हात जोडले होते तुला."

"माहितीये."

"मग?"

"थांब, तौफिक," अक्का म्हणाली. "तुझं नंतर." तिनं वही मिटली नाही. मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "का?"

"तुला बरं नसतं, म्हणून."

"मला बरं नसतं त्याला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी तू तुंगाचा हात मोडलास. मला इन्फेक्शन झालं, आठ दिवस दवाखान्यात होते, तिथून सुटून आले त्याच रविवारी तू तिला तापानं लोळवलंस. तेव्हा दया आली नाही तुला. कुणालाच येत नव्हती इथं. म्हणून तर मी येत होते."

मी पेन्सिल कागदांवर सरळ करून ठेवली.

"म्हणजे दया नाही," ती म्हणाली. "काहीतरी झालंय. पाच आणि बारा डिसेंबरच्या मधे काहीतरी झालंय, आणि ते तुला कळलंय."

अभिनंदन उठला. "अक्का, चल घरी. तुझी गोळीची वेळ झाली."

"चारला आहे गोळी. बस."

"उगाच काहीतरी डोक्यात घेतेस तू."

"अभि, बस."

तो उभाच राहिला. डोक्यावरच्या भोपळ्याला त्याचा हात लागला आणि भोपळा दोरीवर हलायला लागला. अक्का त्याच्याकडे न बघता बोलत होती, वहीतल्या तारखांकडे बघत.

"सात तारखेला आई आणि आप्पा पुण्याला गेले. मावशीच्या नणंदेकडे साखरपुडा आहे म्हणाले. आईनं घरातली सुती साडी नेसली होती. मी म्हटलंसुद्धा, अगं, साखरपुड्याला ही? तर म्हणाली, तिथं जाऊन बदलते. पिशवीत दुसरी साडी नव्हती. पिशवी मीच भरली होती." ती थांबली. "अभि, आईचे रिपोर्ट कधी आले?"

"यायचेत अजून. एक टेस्ट राहिलीय. तुला सांगितलं होतं ना."

"कधी आले?"

खालची तार थांबली. अब्बांनी काहीतरी बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग पुन्हा तोच सूर, जरासा वेगळा.

अभिनंदन खाली बसला. चटईवर नाही, बाजूला, नुसत्या फळ्यांवर. त्याच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी जिन्याशी काढलेल्या त्याच्या चपलांकडे बघत होतो.

"सातलाच," तो म्हणाला. "आईच्या लघवीतून प्रोटीन जातंय. दोनदा तपासलं त्यांनी. एक किडनी लहान पण आहे तिची. ते म्हणाले, हिची घेता येणार नाही. घेतली तर पुढं हिच्यावरच डायलिसिसची वेळ…"

अक्काच्या आईची किडनी अक्काला बसवायची हे घरात वर्षभरापासून ठरलेलं होतं. अभिनंदनचा रक्तगट जुळत नव्हता, आप्पांना साखर होती. आईची जुळत होती. मे महिन्यात ऑपरेशन करायचं, जूनमध्ये कॉलेज सुरू होण्याआधी अक्कानं उठून बसायचं, इथवर बोलणं झालं होतं. उन्हाळ्यात कलिंगड खाणार, अख्खं, असं तिनं आम्हाला सांगून ठेवलं होतं.

"आणि हे तुला माहीत होतं," अक्का मला म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"नऊ डिसेंबरपासून."

नऊ तारखेला संध्याकाळी अभिनंदन माझ्या ऑफिसच्या खाली येऊन उभा होता. गाडीची किल्ली हातात फिरवत त्यानं मला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, घरात आम्ही बघून घेऊ, पण तुझ्या खेळात तरी तिला काही होऊ देऊ नकोस. तुंगा गेली तर ती कोसळेल. मी लगेच हो म्हणालो. विचारसुद्धा करावा लागला नाही. आपण काहीतरी चांगलं करतोय असंच मला वाटलं होतं, आणि दर रविवारी ते थोडं थोडं सोपं होत गेलं.

"बारावीच्या परीक्षा झाल्या की सांगणार होतो," अभिनंदन म्हणाला. "आप्पा म्हणाले, आत्ता सांगितलं तर ती हाय खाईल. डॉक्टरांनाही हात जोडले त्यांनी, म्हणाले, आम्हीच सांगतो, योग्य वेळ बघून."

"आणि आई?"

"आईला तर बोलताच येत नव्हतं."

"मी रोज साडेपाचला उठवते तिला," अक्का म्हणाली. "ऑपरेशनला वजन कमी लागतं म्हणून फिरायला नेते. तिचे गुडघे दुखतात. परवा रस्त्यात बसली ती, कठड्यावर. मी म्हटलं, आई, दोन महिने काढ गं माझ्यासाठी. तर उठली आणि चालायला लागली." तिनं माझ्याकडे बघितलं, मग तौफिककडे, जणू आमच्यापैकी कुणीतरी हे समजावून सांगेल. "ती चालायला लागली, अभि."

तौफिकनं तोंडावरून हात फिरवला.

"मला खरंच माहीत नव्हतं, अक्का," तो म्हणाला.

"तुला माहीत असतं तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं."

ती क्षणभर हसल्यासारखी झाली आणि तेवढ्यात तिच्या काहीतरी लक्षात आलं. मी ते तिच्या चेहऱ्यावर उमटताना पाहिलं. हे तिच्या लक्षात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, कारण माझ्याच कधी लक्षात आलं नव्हतं.

"यादीत नाव घातलं माझं?"

अभिनंदन फळीवरचा भुसा नखानं खरवडत राहिला.

"आईची नाही मिळणार म्हटल्यावर दुसरा रस्ता तोच ना? मेलेल्या माणसाची किडनी. त्याला प्रतीक्षायादी असते. घातलं नाव?"

"नाही."

"का?"

"फॉर्मवर तुझी सही लागते."

ती मनात मोजत होती, ओठ किंचित हलत होते.

"पंचाहत्तर दिवस," ती म्हणाली. "ती यादी तारखेनं चालते, अभि. जो आधी नाव घालतो तो पुढं. तुम्ही मला जपत होता तेव्हा पंचाहत्तर दिवस लोक माझ्या पुढं जाऊन उभे राहत होते."

अभिनंदननं दोन्ही हातांत डोकं धरलं. मला वाटलं आता ती उठेल, जिना उतरून निघून जाईल, आणि खरं सांगायचं तर ती जावी असं मला वाटत होतं. ती गेली नाही. तिनं वही पुढून उघडली, तुंगाच्या बाजूनं, आणि पेनचं टोपण काढलं.

"एकोणीस पडला. मगरीचा घाव किती?"

"अक्का, आज राहू दे."

"घाव किती, हेरंब?"

"नऊ."

"तुंगाकडे तीन होते."

"हो."

"मग म्हण."

तौफिक म्हणाला, "सोड की आता, अक्का. त्यानं सहा सांगितलं, आपण सहा धरू. कुणाचं काय जातंय?"

"मी नाही धरणार," ती म्हणाली. "अडीच वर्षं तिनं जे केलं ते खरं होतं. हे दोन महिने तिला कुणी खरं मारलंच नाही, मग ती जगली असं तरी कसं म्हणू? हेरंब, म्हण."

"तुंगा मेली," मी म्हणालो.

अभिनंदननं मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते. "बास कर ना, अक्का. आज एवढं पुरे नाही का?"

"अजून नाही. तिची शेवटची कृती राहिलीय."

हाही आमचाच नियम होता. मरणाऱ्या पात्राला एक श्वास मिळायचा आणि त्यात एकच गोष्ट करता यायची. तौफिकच्या दिलावरनं त्याच्या वेळी आपली तलवार वर फेकली होती.

"दोर ओढायची खूण केली तर आम्ही वर घेऊ," तौफिक म्हणाला. तो आता पुढे सरकून बसला होता. "माझा वैदू आहे. मी काहीतरी करीन."

"नियमात बसत नाही ते. ती वर आली तरी मेलेलीच येणार." अक्का चटईकडे बघत होती. "तुंगा चक्र सोडत नाही. फिरवते. किती लागतील?"

"बारा किंवा वर."

"आण तो फासा."

मी तिच्या हातात फासा दिला. तिचा हात गार होता, तो नेहमीच असायचा. तिनं मुठीत फासा खुळखुळवला नाही, नुसता चटईच्या मधोमध टाकला, सगळ्यांना दिसेल असा. तो चटईच्या शिवणीवर अडला, कलला, एका बाजूवर डळमळत राहिला आणि मग बसला.

तेरा.

"दार पडलं," मी म्हणालो.

"गाव?"

"वाचलं."

तिनं वहीत लिहिलं. मग पेन ठेवलं. "आता ती कशी मेली ते सांग. दिलावरला दोन वाक्यांत संपवलंस तसं नको. नीट सांग."

मी सांगायला सुरुवात केली. मी सांगितलं की चक्र फिरलं तेव्हा तिच्या हातांना ते आधी कळलं आणि मग कानांना. दार खाली बसलं तसा तळातली ओढ थांबली, इतका वेळ तिला खेचणारं पाणी एकदम सैल झालं आणि गढूळ होतं ते हळूहळू निवळायला लागलं. मगर दूर गेली, तिला आता हिच्याशी काही काम नव्हतं. वरून उजेड येत होता, हिरवा, दुपारचा. तुंगानं वर बघितलं. तिला त्या उजेडात दोर दिसला, आणि दोराच्या शेवटी दोन माणसांच्या सावल्या. पाणी थंड होतं, तोंडात गेलं तेव्हा त्याला मातीची आणि पानांची चव होती. तिला दम धरायचा नव्हता आता. बंधाऱ्यावर त्या दोघांच्या हातांतला दोर हलका झाला. त्यांनी ओढला नाही. बराच वेळ दोघंही तो तसाच धरून उभे राहिले.

अक्का रडत होती. डायलिसिसच्या सुया टोचताना, नोकरी अर्धी करावी लागली तेव्हा, ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा, मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. अभिनंदन नंतर म्हणाला, त्यानंही नाही. ती आवाज न करता रडत होती, आणि अधूनमधून म्हणत होती, "चांगली होती रे. चांगली होती ती."

तौफिकही डोळे पुसत होता आणि पुसत नाहीये असं दाखवत होता.

चार वाजता तिनं गोळी घेतली. मग अभिनंदनला म्हणाली, "चल. आधी आईशी बोलते. उद्या डायलिसिसच्या आधी फॉर्म भरायचा." जिन्यात ती थांबली. माझ्याकडे वळून बघेल असं वाटलं होतं, पण ती चप्पल घालत होती.

घरी गेल्यावर काय झालं ते अभिनंदननं पुढे सांगितलं. ती आणि आई स्वयंपाकघरात दार लावून तासभर बसल्या. बाहेर आल्या तेव्हा दोघींनी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला आई आपोआप उठली, आणि अक्कानं तिला परत झोपायला लावलं.

अभिनंदनशी ती दोन महिने जेवढ्यास तेवढं बोलली. माझ्याशी तेवढंही नाही. एप्रिलच्या शेवटी एका रविवारी ती माळ्यावर आली, नवीन पात्र लिहून घेऊन, एक चिडकी म्हातारी सुईण. पुठ्ठा आम्ही तोवर केव्हाच टाकून दिला होता.

यादीतून पहिला फोन आला त्याला तीन वर्षं लागली. त्या वेळी अभिनंदन बंगळूरला होता, म्हणून मी अक्काला माझ्या गाडीतून पुण्याला नेलं. त्या खेपेला तिला किडनी मिळाली नाही. ती मिळाली त्यानंतर चौदा महिन्यांनी, आणि आज ती बरी आहे, परत पूर्ण वेळ शिकवते, परवाच मला तिनं फोनवर भरपूर सुनावलं. पण मिळाली त्या दिवसापेक्षा मिळाली नाही तो दिवस मला जास्त आठवतो.

कराड ओलांडलं तेव्हा माझा फोन वाजला. हॉस्पिटलमधल्या बाई होत्या. अक्काचा फोन लागत नव्हता म्हणून त्यांनी माझा लावला होता. त्या म्हणाल्या, दोन पेशंटना बोलावलंय, किडनी एकच आहे. तुमच्या पेशंट दुसऱ्या नंबरवर. पहिल्याच्या सगळ्या तपासण्या नीट आल्या तर त्यालाच मिळेल. तुम्ही या, पण पेशंटला हे आत्ता सांगायचं की इथं आल्यावर, ते तुम्ही ठरवा. प्रवास लांबचा आहे.

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

अक्का मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. सकाळपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ओठ सुकले होते, आणि तरी त्यांच्यावर काहीतरी होतं, मे महिन्याचं कलिंगड सांगताना असायचं तसं.

"कुणाचा फोन?" डोळे न उघडता तिनं विचारलं.

समोर ट्रक होता. मी त्याला ओलांडलं नाही, त्याच्या मागेच राहिलो.

"हॉस्पिटलचा," मी म्हणालो. "दोघांना बोलावलंय, अक्का. तू दुसरी आहेस."

तिनं डोळे उघडले. मी आरशातून पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागलो. मग बाई जे जे म्हणाल्या ते सगळं तिला सांगितलं, त्याच क्रमानं, शेवटचं वाक्यही.

"पहिला कोण आहे?"

"सांगत नाहीत."

"तपासण्या नीट आल्या तर त्याला."

"हो."

बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकामागे एक. मला वाटलं ती म्हणेल, वळव गाडी. तिनं पर्समधून फोन काढला, तो बंद पडलेला होता, म्हणून माझा मागितला आणि घरी लावला.

"आई," ती म्हणाली, "ऐक. बसलीयेस ना? बस आधी. हां. आता मी काय सांगते ते नीट ऐक. दोघांना बोलावलंय."